उलटी बाही

शिवणवाल्या काकूंचा टीव्ही बंद पडला, तसे त्यांचे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता हा डबा भंगारात घाला." काकूंना ते चांगलंच झोंबलं. लोकांनी टाकायला काढलेले कोट उसवून नव्यासारखे करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी प्लग काढून, आत साठलेली वीज उतरावी म्हणून टीव्ही दिवसभर तसाच ठेवला, मग मागचं झाकण उघडलं. पॉवर सप्लायच्या बोर्डावर एक कपॅसिटर टम्म फुगला होता. तसाच नवा आणून त्यांनी सोल्डर करून बसवला. बटण दाबताच फट्ट आवाज झाला आणि धूर निघाला. कपॅसिटर उलटा बसला होता, अधिकच्या जागी उणे टोक.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" दीर म्हणाले.

"बाही उलटी लागली म्हणून कोणी सदरा फेकत नाही, भावजी. उसवायची आणि पुन्हा लावायची."

या खेपेला काकूंनी आधी बोर्डावर शिवणाच्या खडूने उलट-सुलट बाजूची खूण केली आणि मगच दुसरा कपॅसिटर बसवला. टीव्ही मुकाट्याने लागला.

पुढच्याच महिन्यात दीर दारात उभे. "वहिनी, आमचाही टीव्ही लागत नाहीये. जरा बघता का?"

काकूंनी मशीन थांबवलं नाही. "बघते की. का, भंगारवाला नको म्हणाला?"