रजियाबीच्या आरागिरणीतलं लाकडाचं डिझेल

चांदूर बाजारात आरागिरणी कुठली म्हणून विचारलं, तर शेंबडं पोरही सांगेल, "रजियाबीची." पाटीवर नाव नवऱ्याचं होतं, तेही चांगलं ठळक. पण अब्दुल गफ्फार गेल्यावर गिरणी चालवली ती या बाईनं, आणि अशी चालवली की लाकूड विकायला आलेले भलेभले मिशाळ गडी वजनकाट्यापाशी आवाज उतरवून बोलत. चहा ती सगळ्यांना पाजायची. शिव्याही सगळ्यांना सारख्याच द्यायची, त्यात कधी जातपात पाहिली नाही.

त्या वर्षांत भारनियमनानं जीव नकोसा केला होता. दिवसभर वीज नाही, आरा मुका, गडी तंबाखू मळत बसलेले. जनरेटर लावावा तर डिझेल मजुरीसकट सगळी कमाई खाऊन टाकायचं. अकोल्याचा एक लाकूडवाला गिरणीच्या जागेवर डोळा ठेवून होता आणि दर महिन्याला उगाच तब्येत विचारायला यायचा. तिकडे मोर्शीकडं पाण्यावाचून संत्र्याच्या बागा वाळल्या होत्या. लोक झाडं मुळासकट उपटून बांधावर फेकत होते, आणि ती लाकडं बघून रजियाबी हळहळायची.

अशात अमरावतीहून जुईली आली. गिरणीच्या जुन्या वकिलाची पोर, रजियाबीला लहानपणापासून खाला म्हणजे मावशी म्हणणारी, आता इंजिनिअर झालेली, एका कंपनीत नोकरीला. म्हणाली, "खाला, लाकडापासून डिझेल करता येतं. कंपनीला चाचणीसाठी जागा हवी आहे."

"लाकडातून डिझेल? मंग उद्या दगडातून दूध काढशीन वं तू!" रजियाबी खो खो हसली. पण खुर्ची मात्र पुढं सरकवली.

जुईलीनं नीट समजावलं. हवा कोंडून लाकूड तापवलं की पेटणारा वायू निघतो. तो स्वच्छ करून, दाबून, एका खास भुकटीवरून नेला की त्याचं तेल होतं. झाड वाढताना हवेतून जे ओढून घेतं, तेच तेल जाळल्यावर हवेत परत जातं. जमिनीच्या पोटातलं नवं काही वर येत नाही. एक झाड जळालं त्या जागी दुसरं उभं राहिलं की हवेचं काही बिघडत नाही.

"म्हंजे उसनं घेतलं अन् वापस केलं," रजियाबी म्हणाली. "हे त मले पटते."

झालं! गिरणीच्या मागच्या शेडमध्ये भट्टीचा, नळ्यांचा आणि टाक्यांचा पसारा उभा राहिला. पहिलं तेल निघालं तेव्हा रजियाबीनं बोट बुडवून वास घेतला, आणि ते जुन्या जनरेटरमध्ये ओतायला लावलं. आरा गरकन फिरला. तिनं सहदेवला, म्हणजे आऱ्यावरच्या तिच्या जुन्या गड्याला, पाठीत असा धपाटा घातला की त्याची टोपीच पडली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजारात तिनं सांगून टाकलं, "माह्या घरी डिझेलची विहीर लागली!"

विहीर कसली! गाडीभर वाळलं लाकूड टाकावं तेव्हा डबाभर तेल यायचं, आणि त्याचा खर्च पंपावरच्या भावाच्या तिपटीनं. जुईलीनं काही लपवलं नाही. ती म्हणाली, "यंत्र लहान आहे म्हणून महाग पडतं. मोठं झालं की उतरेल. पण लाकूड वाया जाणारंच हवं, खाला. त्यावरच सगळं उभं आहे."

कंपनीची अट एकच होती. साहेब येतील तोवर यंत्र खंड न पडता चाललं पाहिजे. चाललं तर मोठा कारखाना इथंच, चांदूर बाजारात, आणि लाकूड पुरवायचं काम रजियाबीकडं. म्हणजे गिरणी वाचली, गड्यांच्या चुली पेटत्या राहिल्या, अन् अकोलेवाल्याचं तोंड काळं. रजियाबी इरेला पेटली.

पण यंत्रात टाकायला मोर्शीहून आणलेलं संत्र्याचं लाकूड संपलं. साहेब यायला आठवडा राहिला आणि शेड रिकामी. तेव्हा रजियाबीलाच सुचलं, "पऱ्हाट्या!" कापूस वेचून झाला की उपटलेल्या झाडांच्या त्या वाळक्या काड्या. वऱ्हाडात त्यांना काय तोटा? तिनं गावोगाव निरोप धाडला. बाप्ये गाड्या भरभरून घेऊन आले, काट्यावर गंजीच्या गंजी चढल्या. "कचऱ्याले भाव देते बाई," म्हणत हसत हसत परत गेले. यंत्र खुशाल चालू राहिलं. रजियाबीला वाटलं, आपण जिंकलो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक रिकामी गाडी दारात थांबली. बैल हाकत आली होती एक बाई, पदर कमरेला खोचलेला.

"माही गंजी द्या," ती म्हणाली.

"कोणती गंजी, बाई? कोण तुमी?"

"मी केशरबाई. चंद्रभानची घरवाली. त्यानं इकली तुमाले, पण ते त्याची नव्हती. पऱ्हाट्या म्या उपटल्या, म्या रचल्या. सालभर भाकर कशावर भाजू, बी? गावातल्या साऱ्या बायाइच्या गंज्या गेल्या. आता बांधावरच्या बाभळी तोडून राहिलो आमी. वली बाभूळ जळते थोडी? निसता धूर! डोये फुटून राहिले आमचे."

रजियाबी काट्यावरून उठली.

तिला हे ठाऊक होतं हो! तिच्या माहेरी कापसाचे पैसे बापाच्या खिशात जायचे, पण अंगणातली पऱ्हाट्यांची गंजी अम्मीची. तिला विचारल्याशिवाय बापही तिथली एक काडी ओढत नसे. घरोघरची रीत होती ती. आणि ही शहाणी बाई, स्वतः बाई असून, काट्यावर बसून सगळा सौदा बाप्यांशी करत राहिली. एकीलाही विचारलं नाही. तिला इतकी लाज वाटली की केशरबाईकडं बघवेना.

ती जुईलीला जीपमध्ये घालून त्या गावी गेली. बांधावर नुकत्याच तोडलेल्या बाभळींची बुडखी ओळीनं उभी होती. जुईलीनं वाकून एका बुडख्याला हात लावला.

"आपण धरलं होतं की पऱ्हाट्या वाया जातात," ती म्हणाली. "त्या वाया जात नव्हत्याच. आपण त्या नेल्या आणि त्यांच्या बदल्यात जिती झाडं जळताहेत. यात हवेचा फायदा काही नाही, खाला. तोटाच आहे."

रजियाबीनं परत येऊन सहदेवला सांगितलं, "बंद कर."

"बी, साहेब परवा येऊन राहिले!"

"मले नोको सांगू. बंद कर, अन् ज्याची गंजी त्याले पोचती कर. त्याले नाई, तिले!"

शेड पुन्हा रिकामी झाली. साहेब यायच्या सकाळी जुईली रडवेली होऊन आली. तिचीही नोकरी त्यात अडकली होती. "खाला, एवढंच म्हणा की यंत्र बिघडलं होतं. बिघाड ते समजून घेतात. अजून एक संधी देतील." रजियाबीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि होकारार्थी मान हलवली. खोटं कशाला सांगू, तेव्हा तिचं खरंच तसं म्हणायचं ठरलं होतं. गिरणीपुढं एवढंसं खोटं म्हणजे काय मोठं?

साहेबांनी थंड भट्टीला हात लावून विचारलं, "काय बिघडलं होतं?"

रजियाबीनं एकदा आऱ्याकडं पाहिलं.

"काई नाई बिघडलं, साहेब. मशीन तुमचं नंबर एक हाय. म्याच बंद केलं. बायाइच्या चुलीतलं इंधन ओढून त्यात टाकून राहिली होती मी. तेल महाग हाय, ते होईन सस्तं कधीतरी. पण या पऱ्हाट्या फुकटच्या हाय असं समजून अठी कारखाना नोका उभारू. आमच्या बांधावर एक झाड राहणार नाई."

साहेबांनी जुईलीकडं पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती म्हणाली, "त्या सांगताहेत ते खरं आहे. माझं गणित चुकलं होतं."

आठवडाभरात सगळ्या टाक्या ट्रकवर चढल्या. वायू काढणारी भट्टी तेवढी मागं राहिली, कारण ते जड धूड न्यायला परवडेना. आणि तीच कामाला आली. तेल करण्यातच तर सगळा खर्च होता. तेलाच्या भानगडीत न पडता वायू सरळ इंजिनात सोडला तर गिरणीतल्याच ढलप्यांवर भागतं, हे जुईलीनं सुट्टीच्या दिवशी येऊन सहदेवच्या मदतीनं करून दाखवलं. वीज गेली तरी आरा फिरू लागला. अकोलेवाल्यानं तब्येत विचारणं सोडून दिलं.

पुढच्या हंगामात कापूस उलगला, म्हणजे वेचून संपला, आणि केशरबाईची गाडी परत दारात आली. या वेळी चंद्रभान बैल धरून होता. गाडीत थोड्याशाच पऱ्हाट्या होत्या.

"सालभराचं काढून ठेवलं," केशरबाई म्हणाली. "हे उरलं. भाव मी सांगीन."

सांगितलाही, आणि चांगला चढवून सांगितला. पावसाळ्यात ढलपे ओले झाले की भट्टीला या काड्या लागणारच होत्या, म्हणून रजियाबीनं दोन शिव्या हासडल्या आणि कबूल केला. पैसे मोजले तसा चंद्रभानचा हात सवयीनं पुढं आला. रजियाबीनं त्याला वळसा घालून ते केशरबाईच्या ओंजळीत ठेवले.

"तुमी बैल सांभाळा, बापा," ती म्हणाली.