विचारल्याशिवाय लावलेली लाल खूण

तो कारखान्यात लेथवर टर्नर होता तोवर मोजल्याशिवाय एकही नग त्याने पुढे सोडला नाही. म्हणूनच निवृत्तीनंतर, वस्तीच्या वाचनालयाने बातम्या पारखणारं अ‍ॅप सुरू केलं तेव्हा पारखायला त्याला घेतलं.

जुने फोटो, भडक शब्द अ‍ॅप आपणहून पकडायचं. वस्तीतली बातमी मात्र माणसाने चौकशी करून पारखायची. खरी असेल तर हिरवी खूण, खोटी असेल तर लाल.

एका सकाळी बातमी आली : ‘नळाला पाणी नाही, विष येतंय! घोटभरही पिऊ नका!’ लिहिणारा त्याचाच मेहुणा, नळ दुरुस्त करणारा. ठिबकणाऱ्या नळाला धबधबा म्हणणारा गडी. ‘भाषा भडक आहे,’ अ‍ॅपने इशारा दिला आणि विचारलं, ‘लिहिणाऱ्याशी बोललात का?’

टर्नरने ‘हो’ दाबलं आणि लाल खूण लावली.

“अहो, फोन तरी करायचा होतात,” बायको म्हणाली.

“तुझ्या भावाला फोन केला की तासाभराची निश्चिंती.”

गल्लीने लाल खूण पाहिली आणि पाणी भरलं.

तिसऱ्या दिवशी शेजारची शिंपीण जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात गेली. टर्नर धावत मेहुण्याकडे गेला. मेहुणा रस्ता खणून कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. गटाराचं पाणी नळाच्या पाइपात शिरत होतं.

“या दाजी. फोटो काढा, नाहीतर हेही खोटं ठरवाल.”

टर्नरने तिथेच उभं राहून खूण बदलली. अ‍ॅपने कारण विचारलं तिथे लिहिलं, ‘मी कुणाशीही बोललो नव्हतो. बोललो म्हणून खोटं सांगितलं.’ खाली स्वतःचं नाव घातलं.

“आता काय उपयोग? आता नाकानेच कळतंय सगळ्यांना,” मेहुणा म्हणाला आणि पुन्हा खणू लागला.

टर्नर दवाखान्यात गेला. शिंपिणीला सलाइन लावलं होतं. डोळे खोल गेले होते.

“भाऊ, वास मलाही आला होता हो. पण तुम्ही लाल केलं होतंत. म्हटलं, माझंच नाक बिघडलं असेल.”

“मी न विचारताच केलं होतं, ताई.”

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने उशाजवळच्या तांब्याकडे मान वळवली.

“हे पिऊ ना?”

“थांबा,” तो म्हणाला, “नर्सबाईंना विचारून येतो.” तांब्या तिथे ठेवायचाही धीर होईना. तो उचलूनच टर्नर बाहेर गेला.