तट उभा राहण्याआधी

धाकट्या भावाला मी अडतिसाव्या चालीला हरवलं, हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत दडवून ठेवण्याइतका धीर माझ्यात नाही. ओळखीच्या प्रत्येकाला मी हे निदान दोनदा तरी ऐकवलं आहे, दूधवाल्यालासुद्धा.

खेळ टॅबलेटवरचा. भाऊ चेन्नईत कॉम्प्युटर कंपनीत आहे. तंजावरच्या शाळेतून मी गणित शिकवून निवृत्त झाले तेव्हा अक्काचा वेळ जावा म्हणून त्यानेच तो घालून दिला. दोघांनी एकेक राज्य घ्यायचं, एकाच गावापासून सुरुवात करायची, शेती, विद्या, सैन्य वाढवत न्यायचं आणि समोरच्याची राजधानी घेतली की जिंकलं. बुद्धिबळासारखं पाळीपाळीनं. त्याची चाल झाली की माझ्या टॅबलेटवर घंटी वाजते. दिवसाला दोन-तीन चाली होतात, त्यामुळे एक डाव कित्येक आठवडे चालतो. आजवरचे सगळे डाव त्याने जिंकले होते.

पापनाशमच्या अलीकडे आमचं थोडं भातशेत आहे. ते अप्पा, म्हणजे आमचे वडील, करायचे. यंदा पोंगलनंतर अप्पा गेले आणि भावाने ठरवलं, शेत खंडाने देऊन टाकू. मी म्हटलं, मी करते. त्यावर तो फोनवर म्हणाला, "अक्का, आजचें काम तूं बेस करतेस. पण चार महिने पुढचें तुला दिसत नाही. डावांतहि तसेंच हारतेस, पाहा की!"

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. "मग डावांतच दाखवतें," मी म्हटलं.

तो हसला. "चाळीस चालींच्या आंत मला हारवलीस, तर यंदाची कुरुवै तुझी. नाही तर शेत खंडाला. सरि?"

"सरि," मी म्हटलं. मी हसले नव्हते.

कुरुवै म्हणजे आमच्या कावेरीकाठचं कमी दिवसांचं भात. कालव्याला पाणी आलं की लावणी करायची आणि दिवाळीच्या पावसाआधी धान घरात आणायचं. चार दिवस उशीर झाला तर उभं पीक पाण्यात झोपतं. अप्पांच्या राज्यात शेतावर मला काम एकच, कॉफीचा फ्लास्क पोचवणं. भाऊ मात्र त्यांच्या शेजारी बसे, आणि अप्पा बोटांवर मोजत ते त्याला समजावून सांगत. तो आंब्याच्या झाडाकडे बघत असे. ऐकत मी असे, बांधावर, रिकामा फ्लास्क हातात धरून.

चाळीस चालींत राजधानी घ्यायची तर एकच मार्ग. बाकी सगळं सोडून पहिल्यापासून सैन्य जमवायचं आणि समोरच्याने तट बांधायच्या आत धाड घालायची. याआधीच्या डावात मी तसं करून पाहिलं होतं. सहा धनुर्धारी घेऊन पोचले, तर तीनच चालींपूर्वी तट पुरा झालेला. वरातीमागून घोडे! माझे बाण त्या भिंतीवर मोडले आणि भावाने मला हसरे चेहरे पाठवले.

आता मी शाळेतली पाठाची वही काढली आणि त्या तीन चाली कुठे गेल्या ते शोधू लागले. एक चाल नदी ओलांडताना गेली होती. एक जखमी शिपायाला विश्रांती देण्यात. आणि मोठी चूक ही, की धनुर्विद्या हाती येईपर्यंत मी थांबले आणि ती आल्यावर एकेक धनुर्धारी घडवत बसले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच प्रकार तो.

वहीवर पेन्सिल आपटत बसले असताना अप्पांची बोटं आठवली. अप्पा दिवाळीपासून उलटे मोजत. कापणी कधी, त्याआधी लावणी कधी, त्याआधी रोपं किती दिवसांची हवीत. आणि कालव्याच्या पाण्याची वाट ते कधी पाहत नसत. कोपऱ्यातल्या एका तुकड्यावर बोअरच्या पाण्यावर रोप टाकून ठेवत. पाणी आलं की दुसऱ्या दिवशी लावणी. गावातले बाकीचे तेव्हा कुठे बियाणं भिजवत असायचे.

खेळातही रोप टाकता येतं. गोफणवाले सुरुवातीपासून तयार करता येतात, स्वस्त असतात. धनुर्विद्या शिकून झाली की खजिन्यातलं सोनं देऊन त्याच गोफणवाल्यांना एका चालीत धनुर्धारी करता येतं. म्हणजे आधी गोफणवाले सीमेवर नेऊन उभे करायचे आणि सोनं राखायचं. दोन चाली हाताशी राखून मी अडतीसपासून उलटी मोजत एकपर्यंत आले. दुसरं गाव वसवायला शेतकरी पाठवायचा नाही, देऊळ नाही, बाजार नाही. नदी गोफणवाले असतानाच ओलांडायची. पूर्ण दोन पानं झाली. खाली मी शाळेत करायची तशी तांबड्या शाईने सही केली.

भावाची खोडही मला पाठ होती. तो तंजावरचा माणूस, त्याला पहिल्यांदा गोपूर हवं! राजधानीत भव्य देऊळ, मग ग्रंथालय, आणि तटाचं नंतर पाहू. आमच्या तंजावरच्या मराठी राजांनीही पोथ्या फार हौसेने जमवल्या. राज्य राहिलं नाही, पोथ्या राहिल्या. मला त्यांचा अभिमानच आहे, पण डावात त्यांचा फायदा मी घेणार होते.

बाराव्या चालीपर्यंत त्याला काहीच कळलं नाही. "अक्का, तुझें एकच गांव अजून? लोक उपाशी आहेत काय?" असा निरोप आला. मी लिहिलं, होय, गरीब आहोत. तिसाव्या चालीला माझे सात गोफणवाले नदीपलीकडच्या जंगलात दडलेले होते आणि त्याचं देऊळ पुरं होत आलं होतं. एकतिसाव्या चालीला धनुर्विद्या आली. सगळं सोनं ओतलं. बत्तिसाव्या चालीला सात धनुर्धारी जंगलातून बाहेर पडले.

पस्तिसाव्या चालीला त्याने देऊळ अर्धवट सोडून तट बांधायला घेतला. तट चार चालींत होतो. म्हणजे एकोणचाळिसाव्या चालीला भिंत उभी, आणि शेत खंडाला. छत्तिसाव्या चालीला त्याने माझे दोन धनुर्धारी मारले. तेव्हा मला खरंच रडू आलं. खेळातल्या माणसांसाठी नव्हे. घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी तसं वाटलं; तो बांध डोळ्यांपुढे आला, आणि त्यावर कुणीतरी परका उभा. एक धनुर्धारी जखमी होता. आधीच्या डावात मी त्याला विश्रांती दिली असती. या वेळी दिली नाही. सदतिसाव्या चालीला उरलेल्या पाचांनी एकदम बाण सोडले, अडतिसाव्याला पुन्हा, आणि मग, धनुर्धाऱ्यांना शहर घेता येत नाही म्हणून इतका वेळ मागे लपवून ठेवलेला एक दंडुकेवाला शिपाई सरळ राजधानीत शिरला. पडद्यावर माझा झेंडा फडकला. मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या.

भावाचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. डावाचं नावही त्याने काढलं नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं, मग त्याने विचारलं, "अक्का, रोप केव्हां टाकायचें?"

अप्पांच्या शेजारी बसणारा तो, आणि विचारत होता मला. मी मास्तरीण, उत्तर वेळेवर द्यायची सवय.

"टाकून आठ दिवस झाले," मी म्हटलं. "बोअरच्या पाण्यावर. बोटभर उंच झालें आहे."

पलीकडे तो मोजत असावा. आठ दिवसांपूर्वी तो देऊळ बांधत होता.

"आणि तूं हारली असतीस तर?"

"तर तें रोप खंडकऱ्याला दिलें असतें. रोप वाया जात नाही," मी म्हटलं. "लावणीला ये. आणि येतांना कॉफीचा फ्लास्क तूं आण."