ब्रेक ओके, खाली माझी सही

तिसऱ्यांदा तीच गाडी वर्कशॉपच्या गेटमधून आत आली आणि मी हातातलं काम टाकून पुढे गेलो.

चंदेरी एसयूव्ही, आठ माणसं बसतील अशी, घेऊन तीन महिने झालेले. मालक हरेश्वर, अर्नाळ्याचा. घरच्या दोन बोटी, मासळीचा धंदा. गाडी घेतली तेव्हा अख्खा पाडा पेढे खात होता.

"साहेब, परत झालं," तो उतरताच म्हणाला. "काल, उतारावर. ब्रेकचं पेडल मधेच अडलं. खालीच जाईना. पोरं मागं बसलेली."

"मग थांबलात कसे?"

"पाय मारत राहिलो. एकदम सुटलं. देवानं थांबवलं."

हायवेलगतच्या त्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. वडील मिठागरावर राबले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो. गाडी तपासून झाली की जॉब कार्डावर, म्हणजे गाडीच्या केसपेपरवर, 'ब्रेक ओके' लिहून खाली सही करायची. हरेश्वरच्या गाडीवर तशा माझ्या दोन सह्या झाल्या होत्या.

पहिल्या वेळी मी कार्डावर लिहिलं होतं, 'ब्रेक पेडल हार्ड'. पेडल जड होण्याचं कारण पुस्तकात ठरलेलं आहे. ब्रेक दाबायला आपल्या पायाला मदत करणारा एक डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. तो बिघडला की पेडल दगडासारखं होतं. तपासणीत बूस्टर ठीक निघाला. दुसऱ्या वेळी मी तो तरीही वॉरंटीत बदलला. दोन्ही वेळा स्वतः वसई फाट्यापर्यंत चालवून पाहिली. ब्रेक लोण्यासारखा.

मी कार्ड घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

"अरे, माणूस बोटीवरचा," मॅनेजर म्हणाले. "बोटीला ब्रेक असतो का? घाबरून क्लच दाबत असेल. टेस्ट ड्राइव्ह घे, ओके लिही, दे गाडी."

"सर, तो पंधरा वर्षं टेम्पो चालवतोय."

"मग तू शोध. डिग्री तुझ्याकडे आहे."

टोमणा लागला. पण त्याहून जास्त लागली ती भीती. त्या रात्री जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर उलटलेली गाडी यायची आणि तिच्या काचेवर चिकटवल्यासारखं ते कार्ड. ब्रेक ओके. खाली माझं नाव, वळणदार अक्षरात.

दिवसभर ठेवून घेतली तरी गाडीत काही सापडलं नाही. मी ती परत दिली, पण सही केली नाही. रविवारी सकाळी न कळवता अर्नाळ्याला गेलो. म्हटलं, गाडी जशी वापरतात तशीच बघायची.

मंडळी कामणला साखरपुड्याला निघाली होती. हरेश्वर, त्याची आई, बायको, दोन पोरं. बायको मात्र पोरांचे हात धरून गाडीपासून लांब उभी.

"मी रिक्षानं जाते," ती म्हणाली. "ह्या गाडीत पोरांना घालनार नाय."

"मी पुढे बसतो वहिनी," मी म्हणालो.

तिनं मला नीट पाहून घेतलं. "तुम्ही बसनार असाल तर आम्ही बसतो."

त्या एका वाक्याचं ओझं कुठल्याच सहीला नव्हतं.

चिंचोटी मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. हरेश्वर हळू चालवत होता. मग उतार लागला. खाली खडीचा एक डंपर बंद पडून आडवा उभा. हरेश्वरनं ब्रेकवर पाय ठेवला आणि त्याचा चेहराच पांढरा पडला.

"साहेब, अडलं!"

मी पाहिलं, पाय ब्रेकवरच होता, क्लचवर नाही. पेडल अर्ध्यावर थांबलेलं. मागे बायकोनं पोरांना छातीशी ओढलं.

"सेकंड टाका! डावीकडे घ्या, मातीत!" मी हँडब्रेक थोडा थोडा ओढू लागलो. गाडी थरथरत रस्ता सोडून खाली उतरली आणि मातीच्या ढिगाऱ्यात तोंड घालून थांबली. डंपर दहा पावलांवर होता.

मी उतरलो, हरेश्वरच्या बाजूचं दार उघडलं आणि वाकून पाहिलं. पेडलच्या खाली लाल फडक्यात बांधलेला नारळ पाचरीसारखा बसला होता.

"हा कुणी ठेवला?"

"मी," मागून आई म्हणाली. "गाडीच्या पूजेचा हाय तो. डायवरच्या शीटखाली ठेवलाय पयल्या दिवसापासून."

उतार लागला की नारळ घरंगळत पुढे यायचा, चढ लागला की परत सीटखाली.

"मग आमच्या वर्कशॉपात कसा दिसला नाही?"

"तुमच्याकडं पाठवताना मी काढून ठेवते ना बाबा! तुमची मानसं शीटखाली पाय घालतात. देवाच्या नारलाला पाय लागेल."

म्हणजे तिन्ही वेळा आमच्याकडे गाडी आली होती, बिघाड घरी देव्हाऱ्यात बसला होता.

हरेश्वर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. "आय, बोटीवर नारल असा मोकला ठेवतो का आपण?"

"बोटीवर बांधतो. लाट येते."

"मग?"

म्हातारी पदर तोंडाला लावून पोरांकडे बघत राहिली. मग तिनं नारळ माझ्या हातून घेतला, दगडावर फोडला आणि पहिला तुकडा सुनेला दिला. सून तरीही पुढे कामणपर्यंत रिक्षानंच गेली.

सोमवारी मॅनेजर म्हणाले, "कंपनीला काय कळवू? चांगला बूस्टर बदलला आपण."

"चूक माझी, असं कळवा," मी म्हणालो. ती होतीच. हरेश्वर पहिल्या दिवसापासून सांगत होता की पेडल मधेच अडतं. मी लिहून घेतलं, 'हार्ड'. त्याचं मराठी बरोबर होतं, माझं इंजिनिअरिंग घाईचं होतं.

तेव्हापासून गिऱ्हाइकाची तक्रार मी त्याच्याच शब्दांत लिहितो. आणि बॉनेट उघडण्याआधी एक प्रश्न विचारतो, जो कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत: "घरून निघताना गाडीतून काय काढून ठेवलंत?"