खालच्या पट्टीवरची अक्षरं

यशवंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. त्याच आठवड्यात, मंगळवारी, त्यांनी आपणहून फोन केला होता. "सुमे, रविवारी ये. वही आण. सांगायचं ते सांगून टाकतो." वीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते... आणि शुक्रवारी सकाळी, शाळेत निघायच्या गडबडीत पदराची पिन शोधत असताना, शालूकाकूचा फोन. "काका गेले गं. कॉफी प्याले, खुर्चीत बसले, ते बसलेच." जयलक्ष्मीपुरमहून रिक्षानं देवराज मोहल्ल्यात पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. दोन दिवस थांबायला काय झालं होतं या माणसाला?

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचे पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. पुढच्या पिढ्या शिलाईच्या मशीनवर बसल्या. खाली दुकान, वर घर. काकांनी शिवलेला कोट अंगावर नीट बसतो अशी ख्याती होती. तरुणपणी एक परदेशी शिक्षक त्यांच्याकडे कोट शिवायला यायचे. मायदेशी परतताना त्यांनी आपलं धनुष्य काकांना देऊन टाकलं. शिंप्याला धनुष्य! घरात सगळे हसले म्हणे. काका मात्र पहाटे उठून मैदानावर जायला लागले, तीर मारायला शिकले, आणि शिंप्याची बोटं असल्यामुळे धनुष्याच्या दोऱ्या वळण्यात इतके तरबेज झाले की गावातले सगळे धनुर्धारी त्यांच्याचकडे यायचे. पुढे पुढे तर कोडगूच्या कॉफीमळ्यांतून लोक माळ्यावर सापडलेली जुनी रिकर्व्ह, म्हणजे उलट्या टोकांची, धनुष्यं घेऊन जिना चढायचे. हे कुठलं, केव्हाचं, अजून चालेल का, हे काकांनी सांगायचं.

पण सांगतील तर ते काका कसले? आलेला माणूस घाईघाईनं धनुष्यावरचं नाव वाचून दाखवायला लागला की काका मोजपट्टी मानेवरून काढून त्या नावावरच ठेवायचे. "नाव कुणीही लिहितो. आधी हातात घे." मग धनुष्य दोरी न चढवता त्या माणसाच्या मुठीत द्यायचे. मूठ एकाच सबंध लाकडाची आहे, की वरखालच्या पट्ट्या स्क्रूनं काढता येतात? तीर टेकवायची खाच डावीकडे आहे, की उजवीकडे? टोकं उलटी वळतात ती दोन्हीकडे सारखी वळतात का? पट्टीतल्या लाकडाचे पातळ थर आणि वरचं फायबरग्लास यांच्या कडा एकजीव आहेत का? कारखान्यानं काय केलं आणि मागाहून कुणी काय केलं, ते आधी वेगळं करायचं. मग कापसाचा बोळा कडेवरून अलगद फिरवायचा. कापूस अडकला की समजायचं, तिथं लाकूड सुटतंय. सगळं पार पडलं तर शेवटी दोरी, आणि टोकाकडून एक डोळा मिटून बघायचं, दोरी पट्टीच्या बरोबर मधून जाते की एका अंगाला. या सगळ्यात तास जायचा. तेवढ्या वेळात मी नववीच्या पोरांचे नकाशे तपासून टाकायचे. "काका, सांगून टाका ना त्यांना," मी म्हणायचे. त्यावर उत्तर एकच. "सुम्ने, गप्प बस गं. सांगितलेलं कुणाला दिसत नाही."

मनात दयामाया नव्हती असं नाही, तोंडात मात्र नव्हती. एकदा एक म्हातारे मळेवाले वडिलांचं धनुष्य घेऊन आले. फार देखणं होतं ते. काळसर लाकडात मधाच्या रंगाची एक पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या पांढऱ्या रेघा. इतकी वर्षं ते दोरी चढवलेलंच कोपऱ्यात उभं होतं. काकांनी टोकाकडून पाहिलं, दोरी पार एका अंगाला गेली होती, आणि म्हणाले, "हे मेलंय, साहेब. आता ओढलंत तर तुमचा डोळा जाईल." त्या माणसाचा चेहरा पडला. ते जिना उतरल्यावर मी काकांवर तुटून पडले. जरा गोडीत सांगता येत नव्हतं? काका सुईत दोरा ओवत राहिले. "मेलेल्याला मेलेलंच म्हणायचं. गोडीत सांगितलं तर तो घरी जाऊन ओढून बघणार. अल्वा? हो की नाही?"

त्यांचं स्वतःचं धनुष्य मलमलीत गुंडाळून दोन खुंट्यांवर आडवं असायचं. घामाच्या हातानं कुणी शिवलं की काका ओरडायचे. सूट फक्त आयुधपूजेला. त्या दिवशी मशीन, कात्र्या, इस्त्री यांच्या रांगेत धनुष्यही मांडलं जायचं. काकू प्रत्येक वस्तूला गंध लावायची, कुंकू लावायची. धनुष्याला कुंकू लावायची तिची जागा ठरलेली: मुठीच्या खालची सपाट पट्टी, कारण तिथं ते उठून दिसायचं. दुसऱ्या दिवशी पुसायचं काम माझं. ओलं फडकं, वर खोबरेल तेलाचा हात. लहानपणी मला त्या कामाचा फार अभिमान होता. आणि त्याच सपाट जागी शाईनं बारीक अक्षरं होती: कारखान्याचा क्रमांक, लांबी, किती पौंडांची ओढ. धनुष्याची सगळी ओळख तिथं. मी कॉलेजात असताना एका वर्षी पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की चारचा एक आकडा तेवढा उरलाय. मी धावत काकांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही. "ठाऊक आहे. काकूला बोलू नको."

"पण तिथं काय लिहिलं होतं?"

"तू बघून सांग."

झालं! तेव्हापासून वीस वर्षं हीच परीक्षा. दर भेटीला मी विचारायचे, दर भेटीला तेच उत्तर. मी चिडून दोन-दोन महिने जायचेच नाही. मध्यंतरी कधीतरी त्यांनी त्या पुसलेल्या जागेवर तपकिरी रेशमी दोरा घट्ट गुंडाळून टाकला. मला वाटलं, ती जागा डोळ्यांत सलत असेल. त्याच सुमारास खांदा दुखतो म्हणून धनुष्य ओढणं बंद केलं, आणि पूजेला कुंकू वरच्या मलमलीवरच लावायचं असा नियम काढला. काकू म्हणाली, म्हातारपणी माणसाला आळस चढतो. मीही हसले.

तेराव्यानंतर प्रश्न निघाला धनुष्याचा. त्यांचा मुलगा सुहास, बोगादीत नवं घर बांधलंय, त्याला ते बैठकीच्या भिंतीवर हवं होतं. त्यात चुकीचं काही नाही. बापाची आठवण आहे. काकूला मात्र ते मैदानावर द्यायचं होतं, तिथं मुली शिकतात त्यांच्या हातात. "भिंतीवर बेडा, नको," ती म्हणाली. "सारा जन्म ते भिंतीवरच्या धनुष्यांना शिव्या घालत होते." दोघांची वादावादी झाली आणि शेवटी काकूनं माझ्याकडे बोट केलं. "सुमी बघून सांगेल. ओढण्याजोगं असलं तर मैदानावर, नाहीतर भिंतीवर. ते नेहमी म्हणायचे, सुमी सांगेल म्हणून." हे मला कधी म्हणाले नव्हते. मला फक्त गप्प बसवायचे.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी, ज्या खुर्चीत ते गेले त्याच खुर्चीत बसून मी मलमल सोडली. सगळं त्यांच्याच क्रमानं केलं. चिडत केलं, पण केलं. मूठ एकसंध, म्हणजे पट्ट्या सुट्या करायची पद्धत रुळायच्या आधीचं. खाच डावीकडे, उजव्या हाताच्या माणसाचं. त्यांचीच मोजपट्टी धनुष्याच्या पाठीच्या वळणावरून फिरवली; पत्र्याच्या डब्यात त्यांनी वळलेली दोरी होती, दोरी धनुष्याहून चार इंच आखूड असते, म्हणून तिच्यात तेवढे मिळवून पाहिले. दोन्हीकडून लांबी बासष्ट इंच. खूप आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू. पुसलेल्या अक्षरांतलं एक तरी हाती लागलं होतं. टोकं अशी वळलेली की झोपलेल्या मांजराच्या शेपटीची आठवण यावी. इतक्या वर्षांत मी हे धनुष्य नुसतं पुसलं होतं, पाहिलं आज. मग कारखान्यानं केलेलं आणि मागाहूनचं वेगळं करायला घेतलं. तपकिरी दोरा अर्थात मागाहूनचा. त्याचं टोक कोटाच्या काजाला घालतात तशा टाक्यानं बंद केलेलं. तो टाका मी हजार कोटांवर पाहिलाय. नुसती जागा झाकायला कुणी एवढा घट्ट बांधतं? मी त्या दोऱ्याच्या खालच्या कडेवरून कापूस फिरवला.

कापूस अडकला. सोडवून पाहिला तर गुलाबी झालेला.

सुईनं कड जरा उचलली. फायबरग्लास लाकडापासून सुटलं होतं, बोटभर लांब. आणि त्या फटीत कुंकू होतं. वर्षानुवर्षांचं, तेलानं मऊ झालेलं, पाण्यानं आत गेलेलं. काकूनं लावलेलं आणि मी पुसलेलं. पहिली भेग कशानं पडली हे देव जाणे, पण ती मोठी कशी झाली ते माझ्या बोटांवर दिसत होतं. खांदा दुखत नव्हता त्यांचा. त्यांचं धनुष्य मेलं होतं, आणि लोकांना तोंडावर सांगणारा हा माणूस ते घरातल्या दोन बायकांना सांगू शकला नव्हता. इतका राग आला मला... ओरडायचं होतंत ना! कापडाला तेलाचा डाग पडला तर आख्खा मोहल्ला गोळा करायचात. पहिल्याच वर्षी ओरडला असतात तर आम्ही कुंकू मुठीला लावलं असतं, आणि धनुष्य राहिलं असतं. रविवारी वही घेऊन बोलावलं होतं ते हे सांगायला, की नुसते पौंड सांगायला? आता विचारायचं कुणाला?

काकू दारात येऊन उभी होती. "चालतंय का गं?"

"नाही काकू. गेलंय."

ती खाली बसली. मलमलीची घडी घातली. मग विचारलं, "कशानं?"

कापूस माझ्या मुठीत होता. मेलेल्याला मेलेलं म्हणायचं, एवढं काकांनी शिकवलं होतं. कशानं मेलं त्याचं काय करायचं, ते शिकवायचं राहिलं. मी म्हणाले, "जुनं झालं होतं."

"होगली, जाऊ दे," काकू म्हणाली. "निदान आपल्या हातून तरी काही झालं नाही."

धनुष्य आता बोगादीत आहे. आडवं, दोरीशिवाय, एवढी अट मी घातली. सुहासनं निमूट पाळली. पाहुणे धनुष्याची कंपनी विचारतात आणि तो माझा नंबर देतो. आणि मी हे सगळं इथं लिहून टाकलं, कारण आमच्या घरी मराठी बोलतात सगळे, पण वाचतात कन्नड. माझी आई बेळगावची म्हणून मला ही अक्षरं येतात. काकूला येत नाहीत, सुहासला येत नाहीत. काकांनाही येत नव्हती. त्या भरवशावर मी इतकी मोकळी झाले. पण काल काकूचा फोन आला. काकांवर पेपरात लिहितेय हे तिला कुणीतरी सांगितलं. फार खूश होती. म्हणाली, "छापून आलं की घेऊन ये, सुमे. मला सगळं वाचून दाखव. एक ओळ सोडायची नाही."