कोट नसलेला फोटो

बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता. फाउंड्रीच्या गेटपासवरचा, नखाएवढा, आणि त्यावर अर्धा शिक्का उमटलेला. आई आणि मी तो घेऊन स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने तो कॉम्प्युटरवर मोठा केला, शिक्का पुसला, शिक्क्याबरोबर बाबांचा डावा गालही जरासा पुसला. कॉलर धड दिसेना म्हणून त्याने त्यांना कोट-टाय चढवला. "साहेब दिसतात बघा," म्हणाला.

भट्टीसमोर बनियनवर उभा राहणारा माणूस. कोट त्यांनी कधी हातातसुद्धा धरला नसेल. घरी आलेली माणसं, हे कोण म्हणून फोटोसमोर थबकायची, मग हार बघून हात जोडायची. बाबा हसताना कसे दिसायचे, हे मला आता नीट आठवत नाही. बघायला तसा फोटोही नाही.

आई तेव्हा मंगल कार्यालयात चपात्या लाटायला जायची. लग्नाचा फोटोग्राफर पंगतीचे फोटो काढायचा, जिलबीचे काढायचा. भटारखान्यात कधी फिरकला नाही. त्या चपात्यांवर मी इंजिनिअर झाले, आईकडच्या आणि बाबांकडच्या घरांतली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. पुढे नोकरीने अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय शहरात आणलं. गाडीच्या सीटा माणसाच्या पाठीला कशा बसतील, हे मी दिवसभर बघते.

या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा इकडे आली. एकदा चहा पिता पिता म्हणाली, "एक सांगून ठिवते. माझ्या माघारी मला असला कोट चढवून भिंतीवर टांगू नगंस."

ती हसत म्हणाली, पण मी कप खाली ठेवला. गणपती झाले की ती परत जाणार होती. त्याआधी तिचा एक खरा फोटो मला हवाच होता.

अडचण एकच. कॅमेरा दिसला की आई दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभी राहते आणि श्वास धरते. तिच्या पिढीत फोटो म्हणजे पासचा नाहीतर रेशनकार्डाचा. हसलं तर साहेब परत पाठवतो.

इथे आमच्या गल्लीत एक रिटायर्ड मराठी काका आहेत, तळ्यावरचे बगळे टिपणारे. त्यांना विचारलं तर त्यांनी थेट लेक्चर सुरू केलं. "कॅमेरा मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम घे. आणि लेन्स ही घे," म्हणत त्यांनी आपल्या जुन्या कॅमेऱ्याला लावलेली, लांबचं टिपणारी हातभर टेलिफोटो माझ्या हातात दिली. "लांबून काढ. बगळ्याला कळत नाही, आईला काय कळणार?"

आईला अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून कळलं. "ही तोफ कुणावर रोखलीयास?" आणि ताठ उभी. काकांच्या त्या कॅमेऱ्याचा शटर पडला की असा खाडकन वाजायचा, की ती दुसऱ्या फोटोला आणखी ताठ.

मग माझ्या मैत्रिणीने तिचा झूमवाला कॅमेरा दिला. तिची दोन मुलं एका जागी ठरत नाहीत, तिला जागच्या जागी जवळ-लांब करणारा झूमच बरा. "यार, थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये कॅमेरा-लेन्सचं बंडल घेतलं, बेस्ट आहे," ती म्हणाली. अंगणात बेस्टच होता. घरात अंधार पडला की फोटो हलायचे, आणि फ्लॅश मारला की आई डोळे मिटायची. पोर्ट्रेटची म्हणतात ती पंच्याऐंशी एमएमची लेन्स भाड्याने आणली. चेहरा सुरेख, मागचं सगळं लोण्यासारखं मऊ. पण आमच्या किचनमध्ये मागे सरकता सरकता माझी पाठ फ्रिजला टेकली, तरी फ्रेममध्ये आईचं नाक आणि कपाळच. फोन काढला तर ती व्हिडिओ कॉल समजून मोठ्याने बोलायला लागली, "हॅलो! जेवलीस का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सीट करताना आम्ही आधी बसणाऱ्याची पाठ बघतो. इथे मी फोटो काढणाऱ्यांना विचारत फिरत होते, आणि जिचा फोटो काढायचा तिचा विचारच केला नव्हता. तिला काय हवं? काहीच न दिसणारं, काहीच न वाजणारं. मी एक छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेतला, शटर एकदम मुका. त्यावर पस्तीस एमएमची लेन्स, लिंबाएवढी, पण किचनमध्येही अख्खी आई मावेल अशी आणि खिडकीच्या उजेडावर भागवणारी.

काका हसले. "एवढीशी? यात काय दिसणार?"

"आई दिसेल, काका."

आठवडाभर तो कॅमेरा गळ्यात अडकवूनच मी भांडी घासली, कणीक मळली. पहिले दोन दिवस आई सावरून बसायची. मग विसरली.

गणपतीच्या आदल्या दिवशी मैत्रीण मोदक शिकायला आली. आई ओट्याशी, पदर खोचून, हाताला पीठ. मैत्रिणीने मोठ्या कष्टाने एक मोदक वळून तिच्यापुढे धरला. आईने तो फिरवून फिरवून बघितला.

"ह्यो मोदक हाय की भरलेली पिशवी गं?"

"मावशी, प्लीज! फर्स्ट टाइम आहे!"

"असूंदे. गणपतीबी बाजाराला पिशवी घेऊन जाईल."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर आई मान मागे टाकून हसली. मी श्वास धरला, या वेळी मी, आणि बोट दाबलं. काही वाजलं नाही.

फोटो काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो जवळून बघितला. मग म्हणाले, "लेन्स कुठली म्हणालीस?"

मोठी प्रिंट काढून आईपुढे ठेवली. तिने आधी पीठ बघितलं, मग पदर, मग तोंड. "ही मीच व्हय? दात दिसतात की सगळे."

"मग? लावू नको?"

"लाव की. माझ्या माघारी कशाला, मी बघतीय तवरच लाव."

ती प्रिंट गुंडाळून तिने बॅगेत सगळ्यात वर ठेवली आणि घेऊन गेली. आता तिकडे भारतातल्या आमच्या घरात, बाबांच्या कोटाच्या शेजारी, आईचा फोटो आहे. त्यात ती काम करतेय आणि हसतेय. तो मी काढला.