मैनाची तहान

आमच्या भोरच्या जनावरांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत, पेशंटबरोबरच टेम्पोतून उतरतात. पण मैना नावाच्या एका कुत्रीने एकटीने जेवढे दिले, तेवढे कुणी दिले नाहीत.

सुरुवात पाण्यापासून झाली. वेल्ह्याजवळच्या वाडीत मी शेळ्यांना लस टोचायला गेले होते. मैनाने कोंबड्यांचं पाणी संपवलं, मग बादलीत तोंड घातलं ते तळ दिसेपर्यंत काढलं नाही. मी घाबरले. तशी मी कुकरच्या शिट्टीलाही घाबरते, पण या वेळी कारण होतं. माज नुकताच येऊन गेलेली कुत्री असं पाणी पिऊ लागली, तर तिच्या गर्भपिशवीत पू झालेला असू शकतो.

तिची मालकीण हिराकाकू म्हणाल्या, "पोटातल्या पिल्लांना लागतंय पाणी. येकटीचं हाय व्हय ते?"

*

"काकू, पिल्लं नसतीलही."

"न्हाईत म्हणून कसं चालंल? शब्द दिलाय म्या."

पिल्लं वाडीत आधीच वाटून झाली होती. शेजारच्या तात्यांनी काळं सांगून ठेवलं होतं, साखळीसुद्धा आणली होती.

*

मग मी ओट्यावर बसून समजावलं. माज येऊन गेला की, पिल्लं राहोत न राहोत, कुत्रीच्या पिशवीचं अस्तर जाड होतं. दोनेक महिन्यांनी जुन्या पेशी आपणहून मरतात, झडतात, खालून नवं अस्तर येतं. ते बिघडलं, आत जुनंच साचत गेलं, की पू होतो आणि कुत्री दगावते.

काकूंचे मालक खाकरले आणि शेळ्या बघायला निघून गेले. शेळ्या समोरच बांधलेल्या होत्या.

काकू म्हणाल्या, "बाईमाणसाचं महिन्याच्या महिन्याला आवरून हुतं. हिनं सहा-सहा महिनं काढलं, म्हंजे पसारा व्हायचाच की."

*

दुसऱ्या दिवशी मैना दुधाच्या टेम्पोतून भोरला आली. सोबत काकू, आणि आपलं पिल्लू बघायला तात्या. आमच्या डॉक्टर सरांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर काळे काळे गोल दिसले.

"त्यो मोठा काळा माझा," तात्या म्हणाले.

"तात्या, तो पू आहे," सर म्हणाले. "आज पिशवी काढली नाही, तर मैना राहणार नाही."

काकूंनी मैनाच्या पाठीवरून हात फिरवला. मग तात्यांना म्हणाल्या, "साखळी म्हशीला बांधा तुमच्या." आणि सरांना, "काढा."

*

धारा काढायच्या म्हणून काकू त्याच टेम्पोने परत गेल्या. पिशवी बाहेर आली ती दुधीभोपळ्याएवढी. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"घाबरलीस तर स्टुलावर बस, पण चिमटा सोडू नकोस."

मी दोन्ही केलं.

*

ऑपरेशन नीट झालं, पण मैना शुद्धीवर येईना. डोळे अर्धवट उघडे, मान टाकलेली. मी हाका मारल्या, पंजे चोळले. काही नाही. सर म्हणाले, "तिच्या माणसाचा आवाज ऐकव."

काकूंच्या घरात रेंज नाही. मोबाईल पिशवीत घालून गोठ्याच्या लाकडी मेढीला टांगलेला असतो. वाजला तर आधी म्हशींना कळतं. मी स्पीकर लावून फोन मैनाच्या कानाशी धरला. रिंग वाजून वाजून बंद झाली. परत लावला. परत बंद. सर स्टेथोस्कोप लावून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी पुन्हा लावला.

"कोण मेलं सारखं फोन लावतंय?" काकू कडाडल्या.

टेबलाच्या पत्र्यावर मैनाची शेपटी आपटली.